पिवळ्या पानांची शिदोरी

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा डोंगरांना नावं द्यायचंसुद्धा कुणाच्या मनात आलं नव्हतं. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं राज्य होतं. राज्य छोटं असलं तरी राजाची बाग मोठी देखणी होती, आणि त्या बागेचा एक नेम होता.

सकाळी राजा फेरी मारायला यायच्या आधी बागेतलं एकूणएक पिवळं पान खुडलेलं असायचं. एखादा वेल सुकायला लागला, की लगेच मुळासकट उपटून कुंपणाबाहेर. राजाच्या पणजोबांनी हा नेम घालून दिला म्हणत. का घालून दिला, हे विचारायला कधी कुणी गेलं नाही. मोठ्यांचे नेम असे न विचारताच पाळायचे असतात म्हणे.

बागेचा माळी होता यमाजी. वीस वर्षांत राजाच्या नजरेला एक पिवळं पान पडलं असेल तर शपथ! त्याला स्वतःलाही याचा केवढा अभिमान. हाताला सवयच अशी जडली होती, की कुणाच्या लग्नाला गेला तरी दारच्या तोरणातलं सुकलेलं पान तो नकळत खुडायचा आणि कनवटीला खोचायचा. बायको चारचौघांत त्याला कोपरानं ढोसायची, पण सवय काही सुटत नव्हती.

राजाचं पाहून प्रजाही तेच करायला लागली. आता तिथल्या मुरमाड मातीत वालाखेरीज काही धड यायचं नाही. पाऊस सरला की दारोदारी वाल लावायचे, ओल्या शेंगांवर हिवाळा काढायचा आणि वेल जरा म्हणून पिवळा पडायला लागला की उपटून टाकायचा. मग पुढच्या वर्षी बी कुठून आणायचं? तर डोंगरावरून.

डोंगरावर एक वाडी होती. तिथले लोक वेल उपटत नसत. पार वाळून जाईपर्यंत तसाच मांडवावर ठेवत, शेंगा खुळखुळू लागल्या की काढत आणि टोपल्या भरून बी खाली आणत. बदल्यात मीठ आणि कापड घेऊन जात. खालची मंडळी बी घेता घेता नाक मुरडायची. या डोंगरवाल्यांना शेत नीटनेटकं ठेवता येत नाही, मेलेले वेल दारात लटकत ठेवतात, असं म्हणायची. आणि म्हणता म्हणता वर एक मूठ बी जास्तीचं मागून घ्यायची.

एका फाल्गुनात डोंगराला वणवा लागला. माणसं वाचली, गुरं वाचली, पण बियांची कोठी जळून गेली. ही बातमी सांगायला खाली आली भिवरा. वाडीचं सगळं बी तीच राखायची. उन्हानं रापलेली, मोजकं बोलणारी बाई. तिनं राजापुढे रिकामी टोपली ठेवली आणि सांगितलं की यंदा एक दाणाही उरलेला नाही.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं घरोघरी माणसं पाठवली. पण ज्या राज्यात वेल पिकूच देत नाहीत, तिथे बी निघणार कुठून? सगळीकडे शेंगा खाऊन झाल्या होत्या आणि वेल उपटून झाले होते. शोधता शोधता एकच वेल सापडला, तोही राजाच्याच बागेत, विहिरीमागे. उशिरा लागलेला, म्हणून उशिरा फुललेला. त्याच्यावर नखाएवढ्या बत्तीस शेंगा धरल्या होत्या.

राजानं यमाजीला बोलावलं.

“यमाजी, या वेलाचं बी आपल्या हाती आलं तर राज्य जगेल. नाही आलं, तर पुढल्या हिवाळ्यात लोकांनी खायचं काय? तुझ्याएवढं झाडांतलं दुसऱ्या कुणाला कळत नाही. हा वेल मी तुझ्यावर सोपवतो.”

एवढं सांगून राजा दरसालच्या रिवाजाप्रमाणे उन्हाळ्यापुरता तळ्याकाठच्या महालात राहायला गेला. भिवरेला मात्र बी धरायला मदत म्हणून बागेतच ठेवून घेतलं होतं.

भिवरेनं वेलाभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, की शेंगा पुरत्या वाढल्या की पाणी तोडायचं. मग वेल पिवळा पडेल, तो पडू द्यायचा, कशालाही हात लावायचा नाही. यमाजीनं ऐकून घेतलं. मनात म्हणाला, या बाईच्या हातचे वेल मेलेलेच असतात, हिचं काय ऐकायचं! राजानं वेल सोपवलाय तो मला.

आणि तो वेलाला तळहाताच्या फोडासारखा जपू लागला. शेणखत घातलं, पालापाचोळ्यानं मूळ झाकलं. शेंगा बोटाएवढ्या झाल्या, दाणे टचटचीत दिसू लागले, तेव्हा भिवरेनं पाणी तोडलं. पण दुपारी ती आंब्याखाली डोळा लागून पडली, की हे गृहस्थ हळूच विहिरीवरून घागर आणून वेलाच्या बुंध्याशी ओतायचे. वेल तरारून यायचा. यमाजीच्या जिवाला बरं वाटायचं.

तरी एक दिवस बुडाशी पहिलं पान पिवळं पडलंच. दुसऱ्या दिवशी तीन. पाणी आहे, खत आहे, कीड नाही, मग होतंय काय? बसून बसून यमाजीनं एक निष्कर्ष काढला: शेंगाच वेलाला खातायत. बत्तीस तोंडं आणि एक आई, ती तरी किती पुरणार? दाणे तर आता चांगले मोठे झालेत. निम्म्या शेंगा उतरवल्या तर वेलही वाचेल आणि बीही हाती येईल.

भिवरा नदीवर गेलेली पाहून त्यानं सोळा शेंगा तोडल्या. सोलून बघतो तर काय, दाणे पिकल्या वालापेक्षाही मोठे, हिरवेगार, पाणीदार. तो मनाशी हसला. सुपात पसरून त्यानं ते उन्हात ठेवले.

पाचव्या दिवशी त्यानं सूप पाहिलं. दाण्यांची नुसती फोलपटं झाली होती. सुरकुतलेली, चपटी, फुंकर मारली तर उडतील अशी. साठ-पासष्ट दाणे, राज्याचं निम्मं बी, त्यानं स्वतःच्या हातानं घालवलं होतं. लपवायचं तरी कसं आणि कुणापासून? सूप घेऊन तो भिवरेसमोर गेला आणि घागरीपासून सगळं कबूल केलं.

ती रागावली नाही. म्हणजे रागावली असेल, पण तिनं तसं दाखवलं नाही. तिनं एक फोलपट बोटांत चुरडलं.

“दादा, दाणा आधी आकार घेतो. तेव्हा आत नुसतं पाणी असतं. घर बांधून झालं होतं, पण धान्य भरायचं राहिलं होतं, आणि तुम्ही पंगत बसवलीत.”

“पण मग धान्य भरतं कोण?” यमाजीनं विचारलं.

भिवरेनं त्याला वेलापाशी नेलं. बुडाचं एक पूर्ण पिवळं पान आपणहून सुटून खाली पडलेलं होतं. ते तिनं त्याच्या उजव्या तळव्यावर ठेवलं. डाव्या हातानं वरची एक शेंग तोलून बघायला सांगितली. पान असं हलकं, की हातावर आहे की नाही कळेना. शेंग मात्र भरलेली, जड.

“पानात होतं ते तिकडे गेलं,” ती म्हणाली.

यमाजीनं पुन्हा पान तोललं, पुन्हा शेंग तोलली. आयुष्य पानांत गेलेला माणूस, पण पिकलेलं पान हातात घेऊन त्याचं वजन त्यानं कधी केलंच नव्हतं. पिवळं दिसलं की खुडायचं, एवढंच तो शिकला होता. वीस वर्षं आपण काय खुडत होतो, काय उपटत होतो, हे त्याला आत्ता कळलं. लेकरासाठी आई डबा भरतेय आणि आपण दर वेळी तिच्या हातातून तो हिसकावून फेकून दिलाय. त्याला रडू आलं, आणि तो मोकळेपणानं रडला.

त्या दिवसापासून घागर विहिरीवरच राहिली. यमाजी रोज सकाळी वेलापाशी यायचा आणि नुसता बघायचा. बघण्यासारखंच होतं हो ते! बुडापासून शेंड्याकडे एकेक पान रिकामं होत चाललं होतं. हिरवेपणा देऊन टाकला, मग पिवळं पडलं, मग सुटलं. पानं संपली तशी देठं सुकली. आणि उरलेल्या सोळा शेंगांमधले दाणे रोज थोडे आणखी आवळत होते, घट्ट होत होते. फुगलेपण गेलं, दाणे आधीपेक्षा लहान दिसायला लागले, पण नख रोवलं तर नख मोडेल इतके भरले. ज्या दिवशी वेलात जीव म्हणून उरला नाही, त्याच दिवशी शेंगा वाऱ्यावर खुळखुळल्या.

बासष्ट दाणे निघाले. भिवरेनं ते राखेत घोळवले, मडक्यात भरले आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपलं. मग ते मडकं तिनं यमाजीच्या हाती दिलं. म्हणाली की मला वर जाऊन नवी कोठी बांधायची आहे. पेरणी तुम्हीच करा. यमाजीनं विचारलं, माझ्यावर विसंबून जाता? त्यावर ती म्हणाली, की एकदा चुकून, ती चूक कबूल केलेल्या माणसाच्या हाती बी द्यायला तिला भीती वाटत नाही. आणि ती गेली.

पावसाळा सरला. यमाजीनं मडकं फोडलं आणि विहिरीमागच्या वाफ्यात बासष्ट दाणे टोकले. राजाही तळ्याकाठून परतला होता.

चार-पाच दिवसांत माती तडकली. आधी वाकलेली मान वर आली, मग मान ताठ झाली आणि दाण्याची दोन जाड अर्धुकं, म्हणजे डाळिंब्या, घेऊनच कोंब उभा राहिला. एक दाणा तेवढा रुजला नाही. बाकी एकसष्ट कोंब ओळीनं उभे. डाळिंब्यांच्या मधून दोन नाजूक पानं उलगडली, आणि जसजशी ती पानं मोठी होऊ लागली तसतशा खालच्या डाळिंब्या सुकायला लागल्या. पिवळ्या पडल्या. सुरकुतल्या. अंगावर जुनेर लटकावं तशा देठाला लोंबू लागल्या.

यमाजीनं त्या डाळिंब्या रोज चिमटीत धरून पाहिल्या. आजच्यापेक्षा उद्या पातळ, उद्यापेक्षा परवा आणखी पातळ. आणि वरचं पान तेवढंच मोठं. आता हे त्याला कुणी सांगायला नको होतं. वेलानं जे भरून ठेवलं होतं, ते पाणी लागताच विरघळून कोंबाच्या अंगात उतरत होतं. अजून त्या कोवळ्या पानांना उन्हातून स्वतःचं रांधून घेता येत नव्हतं. तोवर हेच खायचं.

आणि एका सकाळी राजा फेरी मारत तिकडे आला.

रोपं पाहून त्याला आनंद झाला. पण दुसऱ्याच क्षणी त्याच्या कपाळाला आठी पडली. पिवळं! तेही एकेका रोपावर दोन दोन! यमाजी पाणी आणायला विहिरीवर होता. राजाला वाटलं, माळी म्हातारा झाला, याला दिसेनासं झालंय. बिचाऱ्या कोवळ्या पोरांच्या गळ्यात ही मढी कशाला? त्यांना मोकळं करावं म्हणून तो स्वतः गुडघ्यावर बसला आणि रोपांवरच्या डाळिंब्या खुडू लागला. मन चांगलं होतं हो त्याचं. पण चांगल्या मनानं तीन रोपं बोडकी करून झाली होती आणि हात चौथ्याकडे चालला होता.

यमाजीनं ते पाहिलं. हातातली घागर टाकून तो धावला आणि त्यानं राजाचं मनगट धरलं.

राजाचं मनगट! त्या राज्यात आजवर कुणी राजाच्या सावलीवर पाय दिला नव्हता. सोबतचे सेवक तलवारीला हात घालून पुढे झाले. यमाजीनं हात काही सोडला नाही.

“महाराज, माझा हात तोडायचा तर तोडा. पण या पानांना हात लावू नका. ही पानं नव्हेत, शिदोरी आहे. आईनं मरता मरता बांधून दिलीय. लेकराला स्वतःचं कमवता येईपर्यंत ती पुरायची आहे.”

राजानं सेवकांना मागे सारून विचारलं, “आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं तर?”

“तर मी बाग सोडून जाईन. आठ दिवस द्या. तुम्ही बोडकी केलेली तीन रोपं आणि बाकीची, तुम्हीच रोज बघा.”

राजा रोज येऊ लागला. त्या तिन्ही रोपांना पाणी तेवढंच, ऊन तेवढंच. तरी तिसऱ्या दिवशी एकानं मान टाकली. उरलेली दोन फिक्कट, खुरटी, जिथल्या तिथे; आठवडा सरायच्या आत तीही गेली. बाकीच्या अठ्ठावन्न रोपांना मात्र तिसरं पान फुटलं, मग चौथं, आणि वेल काठीला वेटोळं घालू लागला. आठव्या दिवशी राजासमोरच एक सुकलेली डाळिंबी कुणी न खुडता गळून पडली. राजानं ती उचलली. नुसतं साल होतं. आतलं सगळं रोपानं घेऊन झालं होतं.

राजानं ते साल तळहातावर ठेवलं. मग म्हणाला, “तीन रोपं मी मारली, यमाजी. चांगलं करायला गेलो आणि मारली.”

यमाजी म्हणाला, “महाराज, माझ्या हातून निम्मा वेल गेला. तुमच्या हातून तीनच गेली.”

पण गोष्ट इथेच संपत नाही, बरं का. खरी कसोटी तर पुढे होती.

हिवाळा आला. कुणाच्याच दारात वाल नव्हता. राजानं आपली कोठारं उघडली. सगळं राज्य पातळ पेजेवर दिवस काढत होतं, राजासुद्धा. आणि विहिरीमागे अठ्ठावन्न वेलांवर शेंगाच शेंगा लगडल्या. हिरव्या, ओल्या, भरलेल्या. लोक कुंपणाशी येऊन उभे राहू लागले. भुकेल्या माणसाला समोर शेंग दिसत असताना थांब म्हणणं फार कठीण असतं. आज ना उद्या कुंपण मोडणार, हे यमाजीला दिसत होतं.

त्यानं राजाची परवानगी घेतली आणि कुंपणाचं दार सताड उघडलं. लोक आत आले. पहारा नव्हता, भाले नव्हते. यमाजीनं एवढंच सांगितलं, की आज खाल्ल्या तर या शेंगा आपल्याला दोन दिवस पुरतील. पिकू दिल्या तर सगळ्या राज्याला जन्मभर पुरतील. अजून त्यांच्यात भरणं चालू आहे. येऊन बघत जा.

एक बाई कडेवर मूल घेऊन सगळ्यांत पुढे उभी होती. मूल पेजेला कंटाळून किरकिरत होतं. तिनं हात पुढे केला आणि एक शेंग मुठीत धरली. सगळे बघत होते. यमाजी जागचा हलला नाही. तिनं शेंगेतले दाणे बोटांनी चाचपले, मग देठाशी पिवळं पडत चाललेलं पान पाहिलं. कडेवरच्या लेकराकडे पाहिलं. आणि हळूच मूठ सोडून दिली. शेंग वेलावरच राहिली.

त्यानंतर लोक रोज येत. कुणी एक शेंग तोडली नाही. सगळं राज्य अर्ध्या पोटी, डोळ्यांत तेल घालून अठ्ठावन्न वेल पिवळे पडताना बघत होतं. सकाळच्या फेरीला राजा यायचा, तोही वाफ्याच्या अलीकडे जोडे काढून ठेवायचा. असं कर म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेंगा खुळखुळल्या तेव्हा भिवरा टोपल्या घेऊन खाली आली. शेंगा सोलल्या. दाण्यांची रास झाली. पहिली टोपली डोंगरावरच्या नव्या कोठीसाठी भरली. मग एकेका घराला एकेक मूठ मिळाली. मूठ घेताना कुणी नाक मुरडलं नाही, कुणी वर एक मूठ मागितली नाही. तरी लोक घरी जाईनात. मांडवावर अठ्ठावन्न वेल सुकून लोंबत होते, पान नाही, रस नाही. ज्यांना हे लोक वर्षानुवर्षं मेलेले वेल म्हणत आले, त्यांच्यापुढे ते हात जोडून उभे होते, आणि कित्येकांचे डोळे भरून आले होते. यमाजीची बायको त्याच्या शेजारीच होती. यमाजीचा हात पिवळ्या पानाकडे गेला, पण या वेळी तो खुडायला गेला नव्हता. त्यानं खाली पडलेलं एक पान उचललं आणि कपाळाला लावलं.

पणजोबांचा नेम राजानं त्याच दिवशी मोडला. तेव्हापासून त्या राज्यात वेल पिवळा पडायला लागला, की घरातली माणसं लहानांना बोलावून दाखवतात. आणि तिथे पुन्हा कधी बियांची वाण पडली नाही.

तात्पर्य: स्वतः पिवळं पडून जो पुढच्याची शिदोरी भरतो, त्याच्यामुळेच जग हिरवं राहतं.